मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे निदान : पहिल्या अहवालापासून पुढच्या तपासण्यांपर्यंत

पित्ताशयात खडे असल्याचा संशय आला म्हणून, किंवा कंबरदुखी काही केल्या हटेना म्हणून जीपी अल्ट्रासाऊंड वा सीटी स्कॅन लिहून देतात. अहवालात पित्ताशयाबद्दल विशेष काही नसते. मात्र शेवटच्या दोन ओळींत उजव्या मूत्रपिंडावर तीन सेंटिमीटरची घन गाठ दिसल्याची नोंद असते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची बातमी आज निम्म्याहून अधिक रुग्णांना अशीच आडवाटेने कळते. इथल्या अनेक रेडिऑलॉजी केंद्रांचे अहवाल थेट रुग्णाच्या फोनवर येतात. त्यामुळे डॉक्टरांची भेट होण्याआधीच, ऑफिसातून घरी परतताना ट्रेनमध्ये, एकट्याने ती ओळ वाचण्याची वेळ येते. हा लेख त्या ओळीनंतरच्या दिवसांसाठी आहे.

आधी रोगाचे ऑस्ट्रेलियातील स्थान पाहू. येथे दरवर्षी चार हजारांहून अधिक लोकांना या रोगाचे निदान होते आणि सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा कर्करोगांत त्याची गणना होते. पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आहे. निदानानंतर किमान पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण आता सुमारे ८० टक्के आहे. १९८०च्या दशकात ते निम्म्याच्या आसपास होते. गाठ मूत्रपिंडापुरतीच मर्यादित असताना निदान झाले, तर हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे जाते. या सुधारणेचे श्रेय काही अंशी नव्या औषधांना आहे. पण मोठा वाटा स्कॅनचा आहे. लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे आणि हाताला गाठ लागणे ही पाठ्यपुस्तकांतील त्रयी आता दहातल्या एका रुग्णातही एकत्र दिसत नाही. गाठ त्याआधीच सापडते. तरीही लघवीतून एकदा जरी रक्त गेले आणि नंतर ते आपोआप थांबले, तरी ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून गप्प बसू नये. वेदनेविना येणारे रक्त अधिक गांभीर्याने घ्यावे लागते.

हा रोग का होतो, याचे उत्तर प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत मिळत नाही. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही तीन कारणे निश्चितपणे धोका वाढवतात. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांमध्येही धोका अधिक असतो. ट्रायक्लोरोएथिलीन या औद्योगिक द्रावकाशी प्रदीर्घ संबंध आलेल्या कामगारांबाबतही हा दुवा सिद्ध झाला आहे. काही थोड्या कुटुंबांत दोष आनुवंशिक असतो. निदान चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधी झाले, दोन्ही मूत्रपिंडांत गाठी आढळल्या, किंवा जवळच्या नात्यात असाच रोग झालेला असेल, तर जनुकीय समुपदेशनासाठी पाठवण्याची मागणी आपण होऊन करावी. आपल्याकडे आजोबा कशाने गेले याचे उत्तर ‘पोटाच्या विकाराने’ एवढेच असते. गावी फोन करून जुनी माणसे हयात असतानाच ही माहिती नीट विचारून घ्यावी. ती पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडते.

अहवाल वाचताना

पहिला प्रश्न गाठ घन आहे की द्रवाने भरलेली. साधी, पातळ भिंतीची पुटी पन्नाशीनंतर अनेकांच्या मूत्रपिंडात असते आणि तिला कोणताही उपचार लागत नाही. गुंतागुंतीच्या पुटींसाठी अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ मॉर्टन बॉस्निॲक यांनी १९८६ मध्ये एक वर्गवारी सुचवली. अहवालात ‘बॉस्निॲक दोन’, ‘दोन एफ’, ‘तीन’, ‘चार’ असे जे शब्द दिसतात ते तिचेच. दोनपर्यंत चिंता नसते. ‘दोन एफ’ म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन. तीन आणि चारमध्ये कर्करोगाची शक्यता चढत जाते.

घन गाठ असली तरी ती कर्करोगाचीच असेल असे नाही. चार सेंटिमीटरपेक्षा लहान घन गाठींपैकी साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते. अँजिओमायोलायपोमा या निरुपद्रवी गाठीत चरबी असते आणि ती स्कॅनमध्ये सहसा ओळखू येते. ऑन्कोसायटोमा मात्र स्कॅनमध्ये कर्करोगासारखाच दिसतो. म्हणूनच काही वेळा सुईने तुकडा घेऊन तपासणी केली जाते. सुईमुळे रोग पसरतो ही भीती आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. मूत्रपिंडाच्या बाबतीत असे घडल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. पण प्रत्येकालाच बायोप्सी लागते असेही नाही. गाठ मोठी असेल, स्कॅनचे चित्र स्पष्ट असेल आणि काहीही झाले तरी ती काढायचीच असेल, तर शल्यचिकित्सक बायोप्सीविना थेट शस्त्रक्रियेकडे वळतात. ‘बायोप्सी का नाही केली?’ असा संशय घेण्यापेक्षा ‘बायोप्सीच्या निकालाने तुमचा निर्णय बदलेल का?’ असे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर तपासणी न करण्याचे कारण आपोआप कळते.

टप्पा ठरतो तो गाठीचा आकार आणि तिचा विस्तार यांवरून. सात सेंटिमीटरपर्यंतची, मूत्रपिंडातच असलेली गाठ पहिल्या टप्प्यात मोडते. त्यातही चार सेंटिमीटरची रेषा महत्त्वाची, कारण तिच्या अलीकडे उपचारांचे पर्याय अधिक असतात. सात सेंटिमीटरपेक्षा मोठी पण मूत्रपिंडातच असलेली गाठ दुसऱ्या टप्प्यातील. गाठ भोवतालच्या चरबीत किंवा मूत्रपिंडाच्या मुख्य शिरेत शिरली असेल, तर तिसरा टप्पा होतो. शिरेतून वर सरकत मोठ्या महाशिरेत वाढत जाण्याची या कर्करोगाची एक विचित्र खोड आहे. तसे झाले तरी शस्त्रक्रिया शक्य असते, मात्र ती मोठ्या केंद्रातच व्हावी. फुप्फुसे, हाडे, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत रोग पोहोचला असेल, तर तो चौथा टप्पा.

पॅथॉलॉजीच्या अहवालातील ‘ग्रेड’ ही वेगळी गोष्ट आहे. ती एक ते चार असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती आक्रमक दिसतात एवढेच सांगते. ‘ग्रेड तीन’ला तिसरा टप्पा समजून घरभर रडारड झाल्याचे प्रसंग ऐकिवात आहेत. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत, हे लक्षात ठेवावे.

प्रकारांविषयी थोडक्यात. प्रौढांच्या मूत्रपिंडातील दहापैकी नऊ कर्करोग ‘रीनल सेल कार्सिनोमा’ या गटातील असतात. त्यात सर्वाधिक, सुमारे तीन-चतुर्थांश, ‘क्लिअर सेल’ प्रकारचे. त्याखालोखाल ‘पॅपिलरी’ आणि ‘क्रोमोफोब’. मूत्रपिंडातून लघवी जिथे गोळा होते त्या भागाच्या अस्तरातील कर्करोग ही निराळी जात आहे. ती मूत्राशयाच्या कर्करोगाशी नाते सांगते आणि तिचे उपचारही वेगळे असतात. या लेखातील पुढचा मजकूर त्या प्रकाराला लागू नाही. जर्मन शास्त्रज्ञ पाउल ग्राविट्झ यांनी १८८३ मध्ये असा तर्क मांडला होता की या गाठी मूत्रपिंडाच्या नसून त्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या भरकटलेल्या पेशींतून उगवतात. तर्क चुकीचा ठरला, पण त्यावरून पडलेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव पुढे कित्येक दशके टिकले. भारतातील जुन्या केसपेपरवर तो शब्द दिसला, तर तो याच रोगाचे पूर्वीचे नाव आहे असे समजावे.

काढायची, जाळायची की नुसती पाहायची

एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो हे प्रथम सिद्ध झाले ते २ ऑगस्ट १८६९ रोजी. हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून खात्री करून घेतली आणि मग मूत्रमार्गाच्या जुनाट जखमेने गांजलेल्या एका स्त्रीचे एक मूत्रपिंड काढले. ती बरी झाली. पुढे शंभर वर्षे मूत्रपिंडाच्या कर्करोगावर ‘पूर्ण मूत्रपिंड काढणे’ हाच राजमार्ग राहिला. आज लहान गाठीसाठी तो राजमार्ग उरलेला नाही. शक्य तेथे फक्त गाठ आणि भोवतालची थोडी निरोगी कड काढून उरलेले मूत्रपिंड वाचवले जाते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत तर हाच पहिला पर्याय मानला जातो. मराठी वाचकांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आहेत, आणि हे दोन्ही विकार उरलेल्या मूत्रपिंडाला पुढील वीस-तीस वर्षे पोखरत राहू शकतात. ‘संपूर्ण काढून टाका, कटकट नको’ असे म्हणण्याआधी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर यांचे गेल्या काही वर्षांतील आकडे काढून पाहावेत.

शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीतून किंवा रोबोच्या साहाय्याने होते. रोबोचा बोलबाला मोठा आहे आणि ऑस्ट्रेलियात ही सोय मुख्यतः खासगी, तर काही सार्वजनिक रुग्णालयांत आहे. जखम लहान राहते, घरी लवकर जाता येते. परंतु यंत्रापेक्षा ते चालवणारा हात मोलाचा. शल्यचिकित्सकाला ‘अशा किती शस्त्रक्रिया आपण वर्षाला करता?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आपल्या संस्कारात डॉक्टरांना असा प्रश्न विचारणे जड जाते. येथील डॉक्टरांना तो अपेक्षितच असतो.

काही रुग्णांसाठी काहीच न करणे हाही विचारपूर्वक निवडलेला उपचार असतो. वय झालेले, हृदयविकार असलेले रुग्ण आणि तीन सेंटिमीटरची गाठ, असे गणित असेल तर ठरावीक अंतराने स्कॅन करत गाठीवर लक्ष ठेवले जाते. अशा लहान गाठी सरासरी वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच वाढतात आणि या काळात रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण अगदी अल्प असते. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी असा सल्ला मिळाला की मुलांना वाटते, ‘म्हाताऱ्या माणसाला टाळत आहेत’. तसे नसते. भुलेचा आणि शस्त्रक्रियेचा धोका गाठीच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. याशिवाय त्वचेतून सुई घालून गाठ उष्णतेने जाळणे किंवा गोठवणे हाही लहान गाठींसाठीचा पर्याय आहे.

किरणोपचारांची गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियाने बदलली. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर किरणांचा परिणाम होत नाही, असे वैद्यकीय विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या घोकत आले. मेलबर्नच्या पीटर मॅककॅलम कर्करोग केंद्रातील डॉ. शंकर शिवा यांच्या नेतृत्वाखाली ‘फास्टट्रॅक २’ ही चाचणी झाली. शस्त्रक्रिया झेपणार नाही, धोक्याची आहे किंवा नको, असे ७० रुग्ण तीत होते. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला अत्यंत अचूक नेम धरून एकच मोठी मात्रा, त्याहून मोठ्या गाठीला तीन बैठका, अशी तिची रचना होती. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वर्षअखेरीस एकाही रुग्णाची उपचार केलेली गाठ पुन्हा वाढलेली नव्हती. मूत्रपिंडाच्या कार्यात काही घट झाली, पण ती बहुतेकांना पेलली. रुग्णसंख्या लहान आहे आणि शस्त्रक्रियेशी थेट तुलना त्यात नव्हती, त्यामुळे तरुण व सुदृढ रुग्णासाठी शस्त्रक्रियाच पुढे राहते. मात्र ‘शस्त्रक्रिया शक्य नाही, म्हणजे काहीच शक्य नाही’ हे वाक्य आता कोणी उच्चारले, तर किरणोपचारतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय ते स्वीकारू नये.

मेडिकेअर, विमा आणि व्हिसा

परदेशस्थ कुटुंबाची खरी तारांबळ येथे उडते. नागरिक आणि कायमस्वरूपी निवासी यांना सार्वजनिक रुग्णालयात मेडिकेअरमधून विनामूल्य शस्त्रक्रिया मिळते. जीपींचे संदर्भपत्र घेऊन युरॉलॉजिस्टकडे जावे लागते. हे पत्र साधारणपणे बारा महिने चालते. नियोजित शस्त्रक्रियांची निकड तीन श्रेणींत ठरते आणि पहिल्या श्रेणीतील शस्त्रक्रिया ३० दिवसांच्या आत व्हावी अशी अपेक्षा असते. आपल्याला कोणती श्रेणी दिली आहे हे विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे.

खासगी विमा असेल, तर मूत्रपिंड व मूत्राशयाचे उपचार ‘ब्राँझ’ व त्यावरील योजनांत अंतर्भूत असतात. तरीही शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि साहाय्यक या तिघांची फी विम्याच्या रकमेपेक्षा अधिक असू शकते, आणि तो फरक खिशातून जातो. शस्त्रक्रियेपूर्वी लेखी अंदाज मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे. निदान झाल्यावर नवा विमा घेतला, तर आधीपासून असलेल्या आजारासाठी बारा महिने थांबावे लागते. म्हणजे या कामासाठी त्याचा उपयोग नाही. अशा वेळी सार्वजनिक रुग्णालयात जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. गुंतागुंतीच्या कर्करोगांसाठी नावाजलेली अनेक केंद्रे सार्वजनिकच आहेत.

तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांची स्थिती वेगळी. ऑस्ट्रेलियाचे परस्पर आरोग्यसेवेचे करार ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांशी आहेत. त्यांत भारत नाही. त्यामुळे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरील अभियंता किंवा नातवंडे पाहायला आलेले आजी-आजोबा यांचा सारा भार त्यांच्या विम्यावर पडतो आणि तेथेही आधीच्या आजाराची अट आड येऊ शकते. भारतातून निघण्यापूर्वी आईवडिलांना लघवीत रक्त दिसले असेल, तर तिकीट काढण्याआधी तपासणी करून घ्यावी, हा सल्ला रुक्ष वाटला तरी द्यावाच लागतो.

कायमस्वरूपी निवासाचा अर्ज प्रलंबित असताना निदान झाले, तर मनात पहिला विचार आजाराचा येत नाही, व्हिसाचा येतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आरोग्याच्या निकषात अर्जदाराच्या उपचारांचा सार्वजनिक तिजोरीवर पडणारा अंदाजित खर्च पाहिला जातो. जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० डॉलर करण्यात आली असून हिशेब बहुधा पाच वर्षांचा असतो. यशस्वी शस्त्रक्रिया झालेली लहान गाठ आणि महागड्या औषधांवर चालू असलेला पसरलेला रोग यांत या हिशेबाने मोठे अंतर पडते. काही व्हिसांमध्ये या अटीतून सूट मागता येते, काहींमध्ये नाही. दोन गोष्टी पक्क्या : आजार लपवू नये, कारण खोटी माहिती हे स्वतंत्र आणि अधिक गंभीर कारण ठरते, आणि नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराला किंवा वकिलाला लवकर भेटावे. मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटातील अनुभव या बाबतीत विशेष दिशाभूल करतात, कारण प्रत्येकाचा व्हिसा उपवर्ग निराळा असतो.

शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात करून घ्यावी का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. तेथे माणसे आहेत, डबा येतो, भाषा आपली आहे. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर काम करत आहे आणि त्याच्याशी संलग्न ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून परदेशात राहूनही तज्ज्ञांचे दुसरे मत घेता येते. मेडिकेअर नसलेल्यांसाठी भारतातील शस्त्रक्रिया हा व्यवहार्य मार्ग असू शकतो. ज्यांच्याकडे मेडिकेअर आहे त्यांनी मात्र पुढच्या पाच वर्षांच्या तपासण्या कोण करणार याचा आधी विचार करावा. तिकडे जायचेच ठरले तर स्कॅनच्या मूळ प्रतिमा सोबत न्याव्यात, नुसता अहवाल पुरत नाही. आणि परतताना शस्त्रक्रियेचा तपशील व पॅथॉलॉजीचा पूर्ण अहवाल आणावा.

नोकरदारांनी आणखी एक कागद शोधावा : सुपरॲन्युएशनचे वार्षिक विवरण. अनेकांच्या सुपरमध्ये आयुर्विमा, कायमच्या अपंगत्वाचा विमा आणि कधी उत्पन्न संरक्षणाचा विमा आपोआप जोडलेला असतो आणि वर्षानुवर्षे हप्ते भरूनही त्याची माहिती नसते. नोकऱ्या बदलल्या असतील तर जुनी खातीही तपासावीत. खाती एकत्र करण्याची घाई मात्र निदानानंतर करू नये. जुन्या खात्याबरोबर त्यातला विमाही जातो आणि नवा मिळणे कठीण होऊन बसते.

रोग पसरलेला असेल तर

पारंपरिक केमोथेरपीचा या कर्करोगावर फारसा प्रभाव पडत नाही. ‘केमो नाही म्हणाले’ याचा अर्थ डॉक्टरांनी आशा सोडली असा घरचे लावतात. प्रत्यक्षात येथे वेगळी औषधे चालतात एवढेच. क्लिअर सेल प्रकारात बहुधा व्हीएचएल नावाचे जनुक बिघडलेले असते. हे जनुक निरोगी असताना, प्राणवायू पुरेसा असल्यास पेशीतील ‘प्राणवायू कमी पडला’ हा इशारा बंद ठेवते. ते बिघडले की इशारा अखंड वाजत राहतो आणि गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे विणत जाते. पेशींना प्राणवायूची जाणीव कशी होते या संशोधनासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले; केलिन यांचे काम याच जनुकावरचे. सुनिटिनिब, पाझोपॅनिब, ॲक्सिटिनिब, कॅबोझँटिनिब, लेन्व्हॅटिनिब या गोळ्या प्रामुख्याने हा रक्तपुरवठाच तोडतात.

दुसरा गट प्रतिकारशक्तीवरचा लगाम काढणाऱ्या इंजेक्शनांचा. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी जुन्या गोळीपेक्षा सरस असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चेकमेट २१४’ चाचणीत दिसले आणि उपचारांची पहिली पायरीच बदलली. पेम्ब्रोलिझुमॅबसोबत ॲक्सिटिनिब किंवा लेन्व्हॅटिनिब अशा जोड्याही वापरल्या जातात. काही रुग्णांत रोग वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो, काहींत औषध मुळीच लागू पडत नाही, आणि कोणाचे काय होईल हे आधी सांगणारी खात्रीशीर चाचणी अजून नाही. चौथ्या टप्प्याचे जगण्याचे जे आकडे इंटरनेटवर दिसतात, त्यांत या औषधांच्या आधीच्या काळातील रुग्णही मोजलेले असतात, हे ध्यानात असू द्यावे. शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याचा धोका अधिक असलेल्यांना पेम्ब्रोलिझुमॅब वर्षभर दिल्यास आयुर्मान वाढते, असे ‘कीनोट ५६४’ चाचणीने २०२४ मध्ये दाखवले. हे औषध आपल्या बाबतीत सरकारी अनुदानात बसते का, हे ऑन्कॉलॉजिस्टना नेमके विचारावे. फार्मास्युटिकल बेनिफिट्स स्कीमच्या यादीत असलेल्या औषधासाठी जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण रुग्णाला एका प्रिस्क्रिप्शनमागे कमाल २५ डॉलर द्यावे लागतात; यादीबाहेरच्या याच औषधांचा खर्च महिन्याला हजारो डॉलर होऊ शकतो.

दुष्परिणामांची ओळख आधीच करून ठेवावी. गोळ्यांमुळे रक्तदाब चढतो, तळहात-तळपाय सोलवटून दुखतात, जुलाब होतात, तोंडाची चव जाते. चवीच्या बाबतीत मऊ वरणभात, ताक, तुपाची धार यांचा आधार घेणारे रुग्ण पुष्कळ. ग्रेपफ्रूट मात्र यांतील बऱ्याच गोळ्यांबरोबर वर्ज्य. इंजेक्शनांचे दुष्परिणाम वेगळ्या जातीचे : सैल सोडलेली प्रतिकारशक्ती आतडी, फुप्फुसे, यकृत किंवा थायरॉइडवर चालून जाऊ शकते, तीही कधीकधी उपचार थांबल्यावर काही महिन्यांनी. म्हणून अचानक जुलाब किंवा धाप लागली, तर ‘बाहेरचे खाणे बाधले’ असे न मानता उपचार केंद्राला त्याच दिवशी कळवावे आणि तातडीच्या विभागात गेल्यास आपण इम्युनोथेरपी घेतल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

गावाहून येणाऱ्या काढ्यांबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. ॲरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पतींतील आम्ल मूत्रपिंड निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. पारंपरिक औषधांत या वनस्पती वापरात होत्या. काही भस्मांत जड धातू सापडले आहेत. भाजीतल्या हळदीला कोणाचीच हरकत नाही, पण हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. पाठवणाऱ्याच्या प्रेमाचा अव्हेर न करताही बाटली ऑन्कॉलॉजी विभागातील औषधतज्ज्ञाला दाखवता येते.

एका मूत्रपिंडाने

दुसरे मूत्रपिंड निरोगी असेल तर वेगळे पथ्य सहसा लागत नाही. ते हळूहळू अधिक काम उचलते. मीठ कमी करावे, म्हणजे आपल्या संदर्भात लोणचे, पापड, चिवडा आणि फरसाण कमी करावे. प्रथिनांच्या भुकट्यांचा मारा टाळावा. निर्जळी उपवास करू नये. ऑस्ट्रेलियातील चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तर नाहीच. सर्वांत दुर्लक्षित धोका सुपरमार्केटच्या फळीवर असतो : आयबुप्रोफेन. डोकेदुखी-गुडघेदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी ही गोळी मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. तिच्याऐवजी काय घ्यावे हे जीपींना विचारून ठेवावे. रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजून नोंदवावा. खुल्या शस्त्रक्रियेनंतर कुशीचा भाग महिनोन्‌महिने बधिर किंवा फुगीर वाटू शकतो, आणि सहा-आठ आठवडे जड उचलू नये, असे सांगितले जाते. लहान मूल कडेवर घेणे हेही त्यात आलेच.

घरात काय सांगावे

‘बाबांना कॅन्सर हा शब्द सांगू नका’ ही विनंती घेऊन मुले डॉक्टरांकडे जातात. महाराष्ट्रात ती बहुधा मान्य होते. ऑस्ट्रेलियात सज्ञान रुग्णाच्या संमतीशिवाय उपचार होत नाहीत आणि संमतीसाठी आजार ठाऊक असणे गरजेचे असते; त्यामुळे डॉक्टर अवघडतात, मुले चिडतात. यातून एक वाट आहे. किती जाणून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकारही रुग्णाचाच असतो. ‘तपशील माझ्या मुलीशी बोला’ असे बाबा स्वतः म्हणाले, तर त्याचा मान राखला जातो. पण ते त्यांनी म्हणायला हवे, मुलीने परस्पर नव्हे. माझा अनुभव असा की बाबांना बहुधा आधीच कळलेले असते आणि ते मुलांना जपत असतात.

आईवडील मराठीतच नीट बोलत असतील, तर मुलाने दुभाषा होऊ नये. एक तर वैद्यकीय शब्द चुकतात. शिवाय वाईट बातमी भाषांतरित करताना जीभ आपोआप मऊ करते. टीआयएस नॅशनल ही सरकारी दुभाषासेवा १३ १४ ५० या क्रमांकावर आहे. भेटीची वेळ घेतानाच मराठी दुभाषा हवा असे रुग्णालयाला सांगावे.

भारतातील वृद्ध आईवडिलांना स्वतःच्या आजाराची बातमी द्यायची की नाही, याला एक उत्तर नाही. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर वजन उतरलेले दिसते, आणि न सांगितलेली गोष्ट शेवटी चुलत्या-मावशीकडून कळते, तेव्हा दुखावणे दुप्पट होते. अनेकांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत थांबून, मग आजार आणि उपचार दोन्ही एकाच फोनमध्ये सांगितले आहेत. ते शहाणपणाचे वाटते, कारण ऐकणाऱ्याच्या हाती लगेच धरायला काहीतरी लागते. मुलांशी मात्र लवकर आणि खऱ्या शब्दांत बोलावे. शाळेतल्या मुलाला ‘आईच्या पोटात छोटा फोड आहे’ असे सांगितले, तर पुढे त्याला प्रत्येक फोडाची भीती वाटते.

येथील मराठी मंडळांत डबे पोहोचवणारी, शाळेतून मुले आणणारी माणसे भरपूर आहेत. त्यांना नेमके काम सांगावे लागते. ‘काही लागले तर सांग’ या वाक्याला ‘मंगळवारी स्कॅनला गाडीने नेशील का?’ हे उत्तम उत्तर आहे. ज्यांना ओळखीच्यांत चर्चा नको आहे, त्यांच्यासाठी कॅन्सर कौन्सिलच्या १३ ११ २० या क्रमांकावर परिचारिका आणि अनुभवी कर्मचारी बोलतात. मूत्रपिंडाच्या कार्याविषयीच्या शंकांसाठी किडनी हेल्थ ऑस्ट्रेलियाची १८०० ४५४ ३६३ ही मदतवाहिनी आहे. मन खचले असेल, तर जीपींकडून मानसिक आरोग्य उपचार योजना करून घ्यावी. तिच्याद्वारे वर्षाला दहापर्यंत मानसोपचार सत्रांसाठी मेडिकेअरचा परतावा मिळतो. सारे सुरळीत पार पडल्यावर, नोकरीवर रुजू झाल्यावर, चौथ्या-पाचव्या महिन्यात रडू कोसळणारे रुग्ण कमी नाहीत.

शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या साधारण पाच वर्षे चालतात, धोका अधिक असेल तर त्याहून पुढे. आधी दर सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पोटाचा आणि छातीचा स्कॅन व रक्ततपासणी. स्कॅनच्या आधीचा आठवडा बहुतेकांना झोपेविना जातो. स्कॅन शुक्रवारी आणि डॉक्टरांची भेट पुढच्या गुरुवारी अशा तारखा मिळाल्या, तर दोन्ही जवळ आणून देण्याची विनंती स्वागतकक्षात करावी. बऱ्याचदा ती मान्य होते. आणि अहवाल फोनवर आधी येणार असेल, तर तो कोणी, कुठे बसून उघडायचा हे घरात आधीच ठरवून ठेवावे.